एक किलो गुळामागे किती ऊर्जा? आपल्या मालाचा हिशोब स्वतः मांडण्याची रीत

पुण्या-मुंबईचे घाऊक खरेदीदार हल्ली भाव विचारून झाला की आणखी एक प्रश्न विचारतात: हा माल तयार होताना पर्यावरणावर किती भार पडतो? कराडच्या गुऱ्हाळापासून कुपवाडच्या फौंड्रीपर्यंत बहुतेक ठिकाणी याला मिळणारं उत्तर म्हणजे "आमचं सगळं चांगलं आहे." त्यापेक्षा नेमकं उत्तर देता येतं, आणि सुरुवातीला त्यासाठी विजेची बिलं, डिझेलच्या पावत्या आणि एक वजनकाटा एवढंच पुरतं.

सुरुवात ऊर्जेपासून करायची, कारण वस्तू बनवताना होणाऱ्या नुकसानीचा मोठा हिस्सा इंधन जाळण्यातून येतो: कोळशाच्या खाणी, धूर, कार्बन डायऑक्साइड. शिवाय ऊर्जेला आपण पैसे मोजतो, त्यामुळे तिची नोंद आधीच कुठेतरी असते. मात्र नुसती बेरीज करून निघालेला आकडा दिशाभूल करतो. ऊर्जा किती लागली याच्याइतकंच ती कुठून आली हे महत्त्वाचं आहे. म्हणून पुढच्या प्रत्येक टप्प्यावर दोन रकाने ठेवा, एक "किती" आणि दुसरा "कुठून".

उदाहरण गुऱ्हाळाचं घेतो, कारण त्यात वीज, डिझेल, चिपाड (रस काढल्यावर उरणारा उसाचा चोथा), लाकूड, पाणी आणि खत असं सगळंच येतं. आकडे एका मध्यम गुऱ्हाळाला शोभतील असे धरले आहेत. तुमचे वेगळे निघतील, रीत तीच.

कशामागे मोजायचं आणि कुठून कुठपर्यंत

पहिल्या पानावर दोन ओळी लिहा. एक, मोजमाप कशामागे: "पॅक केलेला एक किलो गूळ". टनामागे, ढेपेमागे की रव्यामागे, काहीही चालेल, पण एकदा ठरलं की हंगामभर बदलायचं नाही. दुसरी, हद्द: ऊस घाण्यावर आल्यापासून गूळ दाराबाहेर पडेपर्यंत, की उसाच्या लागणीपासून? दोन्ही हिशोब योग्य आहेत, फक्त एकाच्या आकड्याची तुलना दुसऱ्याच्या आकड्याशी करायची नाही. बाजारात दिसणारे बरेच पर्यावरणपूरक दावे इथेच फसतात.

आधी दारापर्यंतचा हिशोब पुरा करा, मग शिवारात जा.

बिलं आणि काटा

महावितरणचं बारा महिन्यांचं बिल घ्या. त्यातले रुपये नकोत, युनिट हवेत. एक युनिट म्हणजे एक किलोवॉट-तास. उच्चदाब ग्राहकांची आकारणी केव्हीएएचवर (किलोव्होल्ट-अँपिअर-तासांवर) होते, पण आपल्या हिशोबाला केडब्ल्यूएचचाच, म्हणजे किलोवॉट-तासांचाच आकडा घ्यायचा. केव्हीएएचमध्ये पॉवर फॅक्टरचा परिणाम मिसळलेला असतो. घर, शेतपंप आणि गुऱ्हाळ एकाच मीटरवर असेल तर घाण्याच्या मोटरला वेगळा सबमीटर बसवा. त्याचा खर्च मामुली आहे.

डिझेलमध्ये ट्रॅक्टरचं वेगळं आणि जनरेटरचं वेगळं लिहा.

अवघड काम चिपाडाचं आहे, कारण ते आपलंच असतं आणि त्याचं बिल येत नाही. जळव्या (जाळ घालणारा माणूस) चुलवणात, म्हणजे काहिलीखालच्या भट्टीत, चिपाड टाकतो ते अंदाजाने. म्हणून निदान पाच-सहा आधणांना (काहिलीभर रस एकदा आटवणं म्हणजे एक आधण) चिपाडाचे भारे काट्यावर घाला आणि सरासरी काढा. त्याच दिवसांत ओलसरपणाही तपासा: एक किलो चिपाड उन्हात पूर्ण वाळवून पुन्हा वजन केलं की आत पाणी साधारण किती होतं ते कळतं. ही पायरी कंटाळवाणी वाटली तरी टाळू नका. १२ टक्के ओलाव्याचं चिपाड किलोमागे सुमारे १५ मेगाजूल (ऊर्जेचं माप) उष्णता देतं. तेच २५ टक्के ओलं असेल तर साडेबाराच्या आसपास, कारण काही जळण मुळात पाण्याची वाफ करण्यातच खर्ची पडतं.

सगळं एका मापात आणणं

युनिट, लिटर आणि किलो यांची बेरीज होत नाही, म्हणून सगळं मेगाजूलमध्ये आणायचं. लागणारे आकडे थोडेच आहेत:

विजेचं एक युनिट: ३.६ मेगाजूल
डिझेल, एक लिटर: सुमारे ३६ मेगाजूल
एलपीजी, एक किलो: सुमारे ४६ मेगाजूल (१९ किलोचं व्यावसायिक सिलिंडर म्हणजे पावणेनऊशेच्या आसपास)
वाळलेलं चिपाड किंवा लाकूड, एक किलो: सुमारे १५ मेगाजूल

आता दिवसाला १० टन ऊस गाळणारं गुऱ्हाळ धरू. रस निघाला ६,३०० किलो, गूळ झाला १,०५० किलो. वीज लागली १२० युनिट, ट्रॅक्टरला डिझेल १५ लिटर, चुलवणात गेलं २,००० किलो वाळकं चिपाड आणि ते कमी पडलं म्हणून ३५० किलो लाकूड.

किलोमागे भागलं की वीज ०.४१ मेगाजूल, डिझेल ०.५१ आणि चुलवण ३३.६. एकूण साडेचौतीस. नुसती बेरीज पाहणारा इथेच ठरवून टाकेल की सगळा दोष चुलवणाचा. तसं का नाही, ते पुढच्या टप्प्यात.

वीज आणि जळण सारखं धरू नका

मीटरवर दिसणारं युनिट आपल्यापर्यंत पोचण्याआधी बरीच उष्णता वाया गेलेली असते. कोळशाच्या औष्णिक केंद्रात जळणाच्या उष्णतेपैकी जेमतेम ३५ टक्क्यांची वीज होते. वहनातली गळती धरली की एका युनिटामागे तिप्पट उष्णता जाळली गेली असं म्हणायला हरकत नाही. म्हणून विजेचे मेगाजूल तिनाने गुणा: ०.४१ चे सव्वा होतात.

दुसरा रकाना "कुठून" हा. चिपाडातला कार्बन उसाने वर्ष-दीड वर्षापूर्वी हवेतून घेतलेला असतो आणि पुढचं पीक तो पुन्हा घेतं. म्हणून चुलवणातून निघणारा कार्बन डायऑक्साइड वेगळा लिहायचा, कोळसा-डिझेलच्या बेरजेत धरायचा नाही. लाकडाचं मात्र तसं सरसकट म्हणता येत नाही. बांधावरची सुबाभूळ छाटली आणि ती पुन्हा फुटली तर ती चिपाडासारखीच. डोंगरातलं झाड तोडून आणलं असेल तर ते नुकसानीच्याच बाजूला जाईल.

डिझेलच्या लिटरमागे सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरा. विजेच्या युनिटमागे देशाच्या ग्रिडची सरासरी ०.७ किलोच्या आसपास आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरण हा आकडा दरवर्षी काढतं, त्यांचा ताजा घ्यावा.

साताऱ्यात यावर हमखास एक मुद्दा निघतो: आपल्या जिल्ह्यात कोयना आहे, वनकुसवडे आणि चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आहेत, मग आपली वीज स्वच्छच नाही का? हा समज हिशोबात आणू नका. कोयनेचे १,९६० मेगावॉट आणि पठारावरची पवनऊर्जा एकाच जाळ्यात मिसळते, आणि त्या जाळ्यातून कराडला जे मिळतं तेच चंद्रपूरलाही मिळतं. शिवाय कोयनेचं पाणी मुख्यतः मागणी चढते तेव्हा सोडतात. धरण आपल्या तालुक्यात आहे म्हणून आपलं युनिट स्वच्छ होत नाही. छतावर स्वतःचं सौर पॅनल असेल आणि ती वीज तुम्ही स्वतः वापरत असाल, तर तेवढे युनिट वेगळे दाखवा.

या रीतीने दारापर्यंतचा कार्बन काढला तर किलोमागे वीज ०.०८ किलो, डिझेल ०.०४ किलो. साडेचौतीसपैकी साडेतेहतीस मेगाजूल खाणारं चुलवण या रकान्यात जवळजवळ दिसतच नाही.

तरी चुलवणाकडे दुर्लक्ष नको

किमान किती उष्णता लागायलाच हवी हे काढलं की सुधारणेला वाव किती ते कळतं. आपल्या उदाहरणात सुमारे ५,२०० किलो पाणी उडवायचं आहे. उकळत्या पाण्याच्या प्रत्येक किलोची वाफ करायला २.२६ मेगाजूल लागतात, म्हणजे ११,७५० मेगाजूल. रस उकळीला आणायला आणखी १,९०० च्या आसपास. एकूण १३,६५०. जाळलं ३५,२५०. म्हणजे कार्यक्षमता ३९ टक्के, बाकीची उष्णता धुराड्यातून आणि भट्टीच्या भिंतींतून गेली.

हीच कार्यक्षमता ४५-४६ टक्क्यांवर नेली तर दोन हजार किलो चिपाडातच दिवस भागतो आणि लाकूड लागतच नाही. मला या सगळ्या हिशोबात हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. कारण चिपाड कमी पडतं तेव्हाच काही ठिकाणी जुने टायर आणि प्लॅस्टिक चुलवणात जातं. काहिलीच्या तळाला बाहेरून उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या पट्ट्या (फिन्स) जोडणं, धुराड्याला झडप बसवणं, वाया जाणाऱ्या गरम धुरावर रस आधी तापवणारी दुसरी काहील ठेवणं, आणि चिपाड पुरतं वाळल्याशिवाय न जाळणं, एवढ्याने ते सहा-सात टक्के मिळू शकतात. शेवटचं तर फुकट आहे.

आता शिवारात

दाराच्या आत जे दिसले त्याहून कार्बनचे मोठे आकडे उसाच्या फडात निघतात. आडसाली (पावसाळ्यात लावून दीडेक वर्षाने तोडला जाणारा) ऊस, एकरी उतारा ४० टन धरू. टनाला १०५ किलो गूळ, म्हणजे एकरामागे ४,२०० किलो.

पाणी: एक घनमीटर पाणी एक मीटर वर चढवायला किमान २.७ वॉट-तास लागतात. नदीपासून रान ४० मीटर उंचावर आणि मोटर-पंपाची मिळून कार्यक्षमता ५० टक्के असेल, तर घनमीटरमागे ०.२२ युनिट. पाऊस वगळून एकराला ६० लाख लिटर पाणी उचललं तर सुमारे १,३०० युनिट. किलोमागे ०.३१ युनिट, म्हणजे ०.२२ किलो कार्बन डायऑक्साइड. घाण्याच्या मोटरच्या पावणेतीन पट. शेतपंपाची वीज सवलतीत मिळते किंवा तिला मीटरच नसतो, त्यामुळे ती आपल्या डोळ्यांसमोर येत नाही. मीटर नसेल तर पंपाची अश्वशक्ती गुणिले ०.७५ गुणिले चाललेले तास, आणि त्याला मोटरच्या कार्यक्षमतेने, साधारण ०.८५ ने, भागलं की बऱ्यापैकी अंदाज येतो.

खत: आडसालीला हेक्टरी ४०० किलो नत्राची शिफारस आहे, एकरी १६०. ते सगळं युरियातून दिलं तर जवळपास ३५० किलो, ४५ किलोच्या पावणेआठ गोण्या. युरिया नैसर्गिक वायूपासून बनतो आणि आपल्या देशातल्या कारखान्यांत टनामागे सुमारे २४ गिगाजूल (२४,००० मेगाजूल) ऊर्जा लागते. म्हणजे एका गोणीत ३० लिटर डिझेलइतकी ऊर्जा. गुळाच्या किलोमागे दोन मेगाजूल आणि कार्बन ०.११ किलोच्या आसपास.

वाहतूक आणि पॅकिंग: कराडहून मुंबई सुमारे ३०० किलोमीटर. दहा टनांचा ट्रक लिटरला चार किलोमीटर देत असेल तर किलोमागे ०.२७ मेगाजूल, रिकामा परतला तर दुप्पट. ज्या दहा ग्रॅमच्या प्लॅस्टिक पिशवीत गूळ भरला, तिच्यात मात्र ०.८ मेगाजूल आहेत, कारण पॉलिथिनच्या किलोमागे सुमारे ८० मेगाजूल जातात. लांबच्या बाजारपेठेची काळजी करणाऱ्यांनी आधी पाकिटाचं वजन पाहावं. काकवी काचेच्या बाटलीत भरत असाल तर बाटलीचा हिशोब नक्की मांडा. तो बहुतेकदा ट्रकपेक्षा जड निघतो.

हे सगळं ओळीने मांडल्यावर दिसतं ते असं: मेगाजूलमध्ये चुलवण सर्वांत मोठं, खनिज इंधनाच्या कार्बनमध्ये पाणी उचलणं सर्वांत मोठं. ठिबकवर पाणी ४० टक्क्यांच्या आसपास वाचलं आणि विद्राव्य खतामुळे दोन गोण्या कमी लागल्या, तर गुऱ्हाळात काहीही न बदलता आकडा खाली येतो.

फौंड्रीवाल्यांसाठी: पाया भार वेगळा काढा

किर्लोस्करवाडी १९१० साली उभी राहिली तेव्हापासून सांगली भागाला ओतकाम ओळखीचं आहे. मिरज-कुपवाडच्या औद्योगिक वसाहतींत आज इंडक्शन भट्ट्या चालतात. इथे जळण एकच, वीज, म्हणून हिशोब सोपा वाटतो. पण त्यात एक गफलत होते.

समजा एका महिन्यात ८० टन कास्टिंग झालं, वीज ९८,००० युनिट. दुसऱ्या महिन्यात १२० टन, वीज १,३०,०००. टनामागे पहिल्यांदा १,२२५, नंतर १,०८३. "आम्ही जवळपास १२ टक्के ऊर्जा वाचवली" असं लगेच लिहून टाकू नका. ४० टन जास्त मालाला ३२,००० युनिट जास्त लागले, म्हणजे खरा खर्च टनाला ८०० युनिट. उरलेले ३४,००० युनिट माल निघो न निघो जाणारच: कॉम्प्रेसर, दिवे, धूळ ओढणारे पंखे, भट्टी गरम ठेवणं. आकडा उतरला तो फक्त ऑर्डर वाढल्याने. बारा महिन्यांचे टन आडवे आणि युनिट उभे धरून आलेखाच्या कागदावर ठिपके मांडा आणि त्यांच्यातून रेघ ओढा. रेघ उभ्या अक्षाला जिथे छेदते तो पाया भार. सुधारणा झाली असं तेव्हाच म्हणा, जेव्हा रेघ स्वतः खाली सरकते किंवा तिचा चढ कमी होतो. कॉम्प्रेस्ड हवेची गळती बंद केली की पाया भार उतरतो, भट्टीचं झाकण वेळेवर लावलं की चढ.

बीड (ओतीव लोखंड) वितळवायला सिद्धांताने टनाला ४०० युनिटच्या आसपास लागतात, चांगल्या भट्टीत ५५० ते ६००. पण भट्टीत काय टाकता याचा परिणाम याहून कितीतरी मोठा आहे. ब्लास्ट फर्नेसमधल्या एक टन पिग आयर्नमागे (खनिजापासून काढलेल्या कच्च्या लोखंडामागे) अर्धा टन किंवा त्याहून जास्त कोक जळलेला असतो, म्हणजे चार हजार युनिटांइतकी उष्णता. म्हणून चार्जमध्ये (भट्टीत टाकलेल्या मालात) पिग आयर्न किती आणि भंगार किती, हे लिहिल्याशिवाय फौंड्रीचा हिशोब अपुराच आहे.

बेदाणा

तासगावकडच्या बेदाण्याचा हिशोब थोडक्यात. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो, म्हणजे तीन किलो पाणी उडवायचं. ते काम शेडमधली जाळी, वारा आणि कोरडी हवा करते. हेच पाणी ५० टक्के कार्यक्षमतेच्या विजेच्या ड्रायरने काढायचं म्हटलं तर किलोमागे पावणेचार युनिट लागतील. बेदाण्याची ऊर्जा इतर दोन ठिकाणी लपलेली असते: शीतगृहात, जिथे माल किती महिने पडून राहिला त्यावर आकडा ठरतो, आणि टेंभू-म्हैसाळसारख्या योजनांतून टप्प्याटप्प्याने उचलून आणलेल्या कृष्णेच्या पाण्यात. २०० मीटर चढवलेल्या घनमीटरला ६० टक्के कार्यक्षमतेनेही ०.९ युनिट लागतात. शीतगृहवाल्याकडून महिन्याचे युनिट आणि साठवलेले टन एवढंच मागा, भागाकार आपण करू शकतो.

दोन माल निघत असतील तर

गूळ आणि काकवी दोन्ही करत असाल, किंवा साखर कारखान्यासारखं साखर, मळी आणि बगॅसवरची (चिपाडावरची) वीज एकत्र निघत असेल, तर ऊर्जा वजनाच्या प्रमाणात वाटायची की किमतीच्या, हा निर्णय तुमचाच. मला किमतीची वाटणी जास्त रास्त वाटते, कारण ज्या मालासाठी कारखाना चालतो त्याच्यावर जास्त भार येतो. वजनाने वाटणारेही चुकीचे नाहीत. कोणती रीत घेतली ते लिहा आणि दरवर्षी तीच ठेवा.

ऊर्जेच्या आकड्यात न येणारं

टायरची उष्णता चिपाडाच्या दुप्पट असते. त्यामुळे किलोंत मोजलं तर जळण कमी लागलेलं दिसतं, आणि मेगाजूलचा आकडा टायरवर चालणाऱ्या चुलवणालाही जवळपास तोच येईल. त्या धुरातलं गंधक आणि काजळी गावाच्या छातीत जाते, ती या हिशोबात कुठेच उतरत नाही. म्हणून कागदावर "टायर-प्लॅस्टिक जाळलं का: हो/नाही" असा स्वतंत्र रकाना हवाच.

नत्र खताचं आणखी एक आहे. दिलेल्या नत्रापैकी सुमारे एक टक्का नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातो, असं आंतरराष्ट्रीय हिशोबात धरतात, आणि तो वायू कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवतो. एकरी १६० किलो नत्राचं गणित गुळाच्या किलोमागे ०.१६ किलोला जातं. युरिया बनवताना झालेल्या नुकसानीहूनही जास्त, आणि यात एकही मेगाजूल नाही. सिमेंटचा मालही असाच: क्लिंकर करताना चुनखडीतूनच टनामागे अर्ध्या टनाहून जास्त कार्बन डायऑक्साइड निघतो, भट्टी कशावरही चालवा. सिमेंटचे ब्लॉक करणाऱ्यांनी नुसत्या वीज बिलावर विसंबू नये. शीतगृहातून गळणारा वायू आणि नदीत जाणारं सांडपाणी यांचीही नोंद वेगळीच ठेवावी लागते.

पाकिटावर काय लिहायचं

"पर्यावरणपूरक" हा शब्द टाळा. त्याऐवजी मजकूर असा असावा: "२०२५-२६ हंगाम. उसाच्या लागणीपासून गुऱ्हाळाच्या दारापर्यंत. एक किलो गुळामागे खनिज इंधन व खतामुळे होणारे उत्सर्जन सुमारे ०.६ किलो कार्बन डायऑक्साइडइतके. चुलवणाचे इंधन: चिपाड ८५ टक्के, बांधावरचे लाकूड १५ टक्के." आपल्या उदाहरणाची बेरीज, म्हणजे ०.०८, ०.०४, ०.२२, ०.११ आणि ०.१६, तेवढीच होते. दशांशापुढे एकच अंक ठेवा, कारण चिपाडाचं वजन आणि पंपाचे तास अंदाजाने घेतलेले आहेत. खरेदीदाराने मागितलं तर दाखवायला मूळ पानं, बिलांच्या झेरॉक्स आणि आधणांच्या वजनाची वही एकत्र बांधून ठेवा. पुढच्या हंगामात घाणा सुरू होण्याआधी सबमीटरचा आणि शेतपंपाचा पहिला आकडा त्याच वहीत लिहून ठेवा.